लपण: पक्षी पाहण्यासाठी घरी बांधायचा आडोसा

थंडी पडली की उज्जैनच्या आसपासच्या तलावांवर पाहुणे पक्षी उतरतात आणि आपल्या मंडळातील कुटुंबेही सकाळीच उंडासा तलावाकडे किंवा गंभीर धरणाच्या काठाकडे निघतात. गळ्यात दुर्बीण, खांद्याला कॅमेरा, डब्यात थालीपीठ असे सगळे बरोबर असते. परत आल्यावर मात्र तक्रार ठरलेली, ‘पक्षी जवळच येऊ देत नाहीत.’ या तक्रारीवर जुना, स्वस्त आणि घरच्या घरी करता येण्याजोगा उपाय म्हणजे लपण. ते कसे बांधावे, कोठे उभारावे, त्यात कसे बसावे आणि कोठे मुळीच बसू नये, याची माहिती सभासदांसाठी येथे एकत्र देत आहोत.

लपण म्हणजे काय

माणसाने आत बसून, स्वतः न दिसता बाहेरचे पाहावे यासाठी जमिनीवर केलेला आडोसा म्हणजे लपण. मराठी पक्षिनिरीक्षकांत ‘लपणगृह’ असाही शब्द चालतो. झाडावर किंवा चार खांबांवर उंच बांधले तर ते मचाण. आपल्याकडचे शेतकरी पीक राखायला उभारतात तो माळा हा मचाणाचाच भाऊ. लपण जमिनीवरचे असल्याने बांधायला सोपे आणि मोडायलाही सोपे. शिवाय पक्षी डोळ्यांच्या पातळीवर दिसतो. उंचावरून पाहिले तर बदकाची पाठ दिसते, लपणातून त्याचा डोळा दिसतो.

लपणामागचे तत्त्व थोडक्यात असे. पक्षी आणि प्राणी स्थिर वस्तूला फारसे घाबरत नाहीत. ते घाबरतात माणसाच्या आकाराला, हालचालीला आणि अचानक झालेल्या बदलाला. लपण या तिन्ही गोष्टी झाकते. आकार कापडाआड जातो, हालचाल अंधारात विरते आणि लपण काही दिवस एकाच जागी उभे राहिले की ते बदल राहत नाही, त्या जागेचाच भाग होते. पुढच्या सगळ्या सूचना या तीन गोष्टींवरूनच निघतात.

शिकाऱ्याकडून निरीक्षकाकडे

हे तंत्र मुळात शिकारीचे आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. कल्याणीच्या चालुक्यवंशीय सोमेश्वर तिसऱ्याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगयेला स्वतंत्र जागा आहे. आपल्या भागाचे सांगायचे तर उज्जैन ही १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी होती. पुढे दरबार ग्वाल्हेरला गेला आणि शिवपुरीचे जंगल राजघराण्याचे शिकारीचे रान झाले. ते रान १९५८ मध्ये माधव राष्ट्रीय उद्यान झाले आणि मार्च २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. तेथील साख्यासागर तलावाच्या वरच्या बाजूस जुने ‘शूटिंग बॉक्स’ आजही दाखवतात. जेथून बंदूक रोखली जाई, तेथे आज पर्यटक उभे राहतात.

राजेरजवाड्यांच्या शिकारीची छायाचित्रे पुष्कळ आहेत. खरे कौशल्य मात्र गरीब पारध्यांकडे होते. फासेपारधी हरणांसाठी फासे लावत, तर गायपारधी शिकवलेल्या गाईच्या आडून तितरांपर्यंत पोचत. चालते-फिरते, जिवंत लपणच ते! गंमत म्हणजे इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कीर्टन या छायाचित्रकार बंधूंनी १९०० च्या सुमारास पोकळ, पेंढा भरलेला बैल करून घेतला आणि त्याच्या पोटात कॅमेरा घेऊन बसत पक्ष्यांची छायाचित्रे काढली. त्यांचे जगभर कौतुक झाले. आपल्या पारध्यांना मात्र इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याखाली गुन्हेगार जमातींत टाकले. तो शिक्का कायद्याने १९५२ मध्ये पुसला गेला, लोकांच्या मनातून पुसायला अजून वेळ लागतो आहे. विदर्भातील ‘संवेदना’ या संस्थेच्या कामात याच फासेपारध्यांचे गवताळ रानांचे ज्ञान माळरान आणि त्यावरील पक्षी राखण्यासाठी उपयोगी पडले आहे, हे आवर्जून सांगायला हवे.

बंदूक ठेवून कॅमेरा उचलणाऱ्यांत आपल्या देशातही मोठी नावे आहेत. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याचे वाघांच्या छायाचित्रांचे पुस्तक १९२७ मध्ये आले. त्यापासून जिम कॉर्बेट यांनी स्फूर्ती घेतली. वाघांचे चलच्चित्र घेताना कॅमेऱ्याचा घरघराट वाघांना ऐकू जाऊ नये म्हणून त्यांनी ओढ्याचे पाणी अडवून लहान धबधबे तयार केले आणि त्या खळखळाटाच्या आड चित्रण केले. लपण केवळ कापडाचे नसते, आवाजाचेही असते, हे त्यातून शिकण्यासारखे.

महाराष्ट्रात बुद्धपौर्णिमेच्या रात्री अभयारण्यांतील पाणवठ्यांवर मचाणावर बसून प्राणी मोजण्याची प्रथा होती. वाघांची गणना आता स्वयंचलित कॅमेऱ्यांनी होते, तरी वनविभाग ‘निसर्गानुभव’ या नावाने सामान्य नागरिकांना ती रात्र मचाणावर काढू देतो. मचाण तेच, चांदणे तेच. फक्त हेतू बदलला.

कायदा आधी, बांबू नंतर

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राण्यांची शिकार हा गुन्हा आहे. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची उरलीसुरली शिकारही बंद झाली. त्यामुळे लपण फक्त पाहण्यासाठी आणि छायाचित्रासाठी बांधायचे, दुसरा कोणताही उपयोग नाही.

पण येथे एक बाब नीट समजून घ्या. या कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या केवळ मारण्यापुरती नाही. पकडणे, फासे लावणे, हाकणे, आमिष दाखवून शिकार साधणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे या सर्वांचा तीत समावेश आहे. पक्षी व सरपटणारे प्राणी यांच्या बाबतीत अंडी किंवा घरटी बिघडवणे वा त्यांना उपद्रव देणे हेही त्याच व्याख्येत येते. म्हणजे चांगल्या छायाचित्रासाठी घरट्यासमोरची फांदी कापणारा गृहस्थ स्वतःला निसर्गप्रेमी म्हणवत असला, तरी कायद्याच्या भाषेत तो शिकाऱ्याच्या रांगेत उभा राहू शकतो.

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात आपले लपण बांधायचेच नाही. तेथे छायाचित्रणासाठी प्रवेश देतानाही अधिवासात बदल न करण्याची आणि वन्यजीवांवर विपरीत परिणाम न होऊ देण्याची अट २०२२ च्या दुरुस्तीने घातली आहे. वनजमिनीवर पाऊल टाकण्यापूर्वी वनमंडळ कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. सार्वजनिक तलाव असेल तर त्याची देखभाल ज्यांच्याकडे आहे त्या कार्यालयाची, आणि शेत असेल तर मालकाची परवानगी घ्यावी. जवळच्या गावच्या सरपंचांना व चौकीदाराला सांगून ठेवावे. तलावाकाठी बारदानाच्या खोपटात लांब नळीची वस्तू घेऊन कोणी बसले आहे असे दिसल्यावर गावकऱ्यांना संशय येणारच, आणि तो त्यांचा दोष नाही.

जागा कशी निवडावी

सर्वांत उत्तम जागा म्हणजे स्वतःचे शेत, नातलगाची वाडी किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या विहिरीजवळचा बांध. सोयाबीन काढल्यानंतर आणि गव्हाला पहिले पाणी दिल्यानंतर ओल्या वाफ्यांत बगळे, टिटव्या, धोबी सहज उतरतात. लपण शिकायला हा पहिला वर्ग.

*सूर्य.* प्रकाश आपल्या पाठीमागे आणि पक्ष्याच्या अंगावर हवा. सकाळी बसायचे असेल तर पाण्याच्या पूर्वेला बसून पश्चिमेकडे पाहावे, संध्याकाळी उलट. आपले उज्जैन कर्कवृत्ताला लागून असल्याने डिसेंबरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला सुमारे ४३ अंशांवरच असतो. म्हणून हिवाळ्यात लपण पाण्याच्या दक्षिणेला, तोंड उत्तरेकडे करून उभारले तर दिवसभर उजेडाची चिंता नाही. जीवाजी वेधशाळेच्या गावात राहून एवढा हिशेब तरी यायलाच हवा!

*पार्श्वभूमी.* उघड्या माळावर मधोमध उभे केलेले लपण दुरूनही डोळ्यांत भरते. बाभळीच्या झुडपाला, बांधाला किंवा तुरीच्या कडेला टेकून उभारावे. मागे काहीतरी असले की लपणाची कडा आकाशावर उठून दिसत नाही.

*अंतर.* अंगणातील किंवा शेतातील पाण्याच्या कुंडीपासून १५ ते २० फूट पुरे. तलावावरील बदकांसाठी पाण्याच्या काठापासून निदान ५० ते ६० फूट मागे राहावे. कॅमेरा जवळ आणतो, आपण जवळ जाण्याची गरज नाही.

*वारा.* पक्ष्यांच्या बाबतीत वासाची काळजी फारशी करावी लागत नाही. नीलगाय, कोल्हा, ससा पाहायचा असेल तर मात्र वारा त्यांच्याकडून आपल्याकडे यायला हवा. चिमूटभर धूळ सोडून पाहिली की दिशा कळते.

*एकमेव पाणवठा वर्ज्य.* हा नियम सर्वांत महत्त्वाचा. एप्रिल-मे महिन्यांत माळव्यातील नाले आटतात. एखाद्या परिसरात पाण्याची एकच जागा उरलेली असेल तर तेथे लपण उभारू नये आणि बसूही नये. आपल्याला वाटते, ‘पक्षी थोडा वेळ थांबेल.’ पण चाळीस अंशांच्या वर पारा गेलेला असताना तहानलेल्या पक्ष्याचा तो थोडा वेळ त्याच्या जिवावर बेतू शकतो. त्या दिवसांत पाहायचे असेल तर आधी दुसरीकडे कुंड्या भरून ठेवाव्यात.

साहित्य आणि त्याचा हिशेब

दोन माणसे बसतील असे ५ फूट लांब, ५ फूट रुंद आणि साडेपाच फूट उंच लपण आपण धरू. आयुष्यभर बँकेत आकडेमोड केली असल्याने हिशेब मांडूनच देतो.

बांबू: ६ फुटांचे ४ उभे डांब (अर्धा फूट जमिनीत), ५ फुटांचे ८ आडवे तुकडे आणि दोन्ही बाजूंना व पाठीमागे तिरपे आधार म्हणून साडेसात फुटांचे ३ तुकडे. एकूण लांबी साडेशहाऐंशी फूट. बाजारात मिळणारे २० फुटी ५ बांबू पुरतात. कापताना असे कापावेत: पहिल्या बांबूचे ६ फुटांचे तीन तुकडे, दुसऱ्याचा एक ६ फुटांचा व एक साडेसात फुटांचा, तिसऱ्या व चौथ्याचे ५ फुटांचे प्रत्येकी चार, पाचव्याचे साडेसात फुटांचे दोन. उरलेल्या तुकड्यांच्या मेखा होतात.

कापड: चार भिंतींना ११० आणि छताला २५, असे १३५ चौरस फूट. दुमड व शिवण धरून १५५ धरावे. ५० किलोचे ज्यूटचे बारदान उसवले की साधारण ११ चौरस फूट कापड मिळते, म्हणजे १५ बारदाने. धान्याच्या दुकानात जुनी बारदाने सहज मिळतात. ज्यूटच घ्यावे. प्लास्टिकच्या गोण्या चमकतात आणि वाऱ्याने सळसळतात, तो आवाज पक्ष्यांना मुळीच सोसत नाही.

इतर: सुतळी, दाभण, एक जुनी गडद चादर किंवा गोधडी, हात-दीड हात काळी वा हिरवी मच्छरदाणीची जाळी, करवत, कोयता, लहान पहार आणि बसायला दोन बुटकी स्टुले. सजावटीला तुराट्या, सोयाबीनचे कुटार, वाळलेले गवत. जिवंत झाडाची फांदी तोडायची नाही. दोन दिवसांत ती सुकते, रंग बदलते आणि लपण उलट उठून दिसते.

बांधणी

१. घरीच, अंगणात किंवा गच्चीवर, बारदाने उसवून धुवावीत. धान्याचा कोंडा आत राहिला तर मुंग्या आणि उंदीर येतात. वाळल्यावर दाभणाने शिवून पाच भाग करावेत: चार भिंती आणि एक छत. हे काम घरातील सर्वांनी मिळून करण्यासारखे आहे. दाभण मात्र मुलांच्या हाती देऊ नये.

२. जागेवर पहारेने अर्धा फूट खोल चार खड्डे घेऊन डांब उभे करावेत व माती ठोकून घ्यावी. काळी माती ओली असताना डांब सैल होतात आणि वाळली की भेगा पडतात, म्हणून प्रत्येक डांबाच्या बुडाशी दोन-तीन दगड बसवावेत. जेथे खणण्याची परवानगी नसेल तेथे डांब नुसते उभे करून माती भरलेल्या गोण्यांचा आधार द्यावा.

३. वरच्या टोकाला चार आणि जमिनीपासून एक फुटावर चार आडवे बांबू सुतळीने घट्ट बांधावेत. समोरच्या बाजूचा खालचा बांबू पायांत येत असेल तर तो जमिनीलगत घ्यावा. मग तिरपे आधार. खिळे वापरू नयेत, बांबू फुटतो.

४. भिंती चढवताना खालचे टोक जमिनीवर थोडे पसरू द्यावे आणि त्यावर दगड किंवा माती टाकावी. फडफडणारा कोपरा हा लपणाचा पहिला शत्रू. प्रवेश मागच्या बाजूने ठेवावा, एकावर एक येणाऱ्या दोन पदरांचा, म्हणजे फट राहत नाही.

५. मागच्या भिंतीला आणि छताला आतून गडद चादर लावावी. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग पक्षी का उडतात ते त्यांना कळत नाही. बारदानातून उजेड आरपार येतो. मागून उजेड आला की समोरच्या फटीतून आत बसलेल्याची काळी आकृती हलताना स्पष्ट दिसते. आत अंधार हवा, बाहेर उजेड हवा. घरात दिवा नसताना दिवसा खिडकीच्या जाळीतून बाहेरचे दिसते पण बाहेरच्याला आतले दिसत नाही, तसेच हे.

६. समोरच्या भिंतीत स्टुलावर बसून डोळ्यांच्या उंचीवर ४ इंच उंच आणि दीड फूट रुंद फट कापावी. तिला आतून काळी जाळी लावावी. पांढरी जाळी चालत नाही, ती उन्हात चमकते. जमिनीपासून दोन फुटांवर मुलांसाठी दुसरी फट ठेवावी. लेन्ससाठी वेगळे गोल छिद्र करून त्याला कापडाची बाही शिवावी, म्हणजे लेन्स फिरवताना भोवती फट पडत नाही.

७. शेवटी बाहेरून तुराट्या आणि गवत बांधावे. हेतू लपण सुंदर दिसावे हा नाही. चौकोनी कडा मोडाव्यात, एवढाच.

८. बांधून झाले की निघून जावे! निदान तीन-चार दिवस तिकडे फिरकू नये. पक्ष्यांना ते परिचयाचे होऊ द्यावे. बँकेत नवा ग्राहक पहिल्याच दिवशी कर्ज मागत नाही, आधी खाते उघडतो. येथेही विश्वासाचे खाते आधी उघडावे लागते.

बसण्याची रीत

पक्षी जागे होण्यापूर्वी, म्हणजे सूर्योदयाच्या अर्धा-पाऊण तास आधी, आत बसलेले असावे. उशीर झाल्यास जुनी युक्ती वापरतात. दोघांनी मिळून लपणापर्यंत जावे, एकाने आत बसावे आणि दुसऱ्याने ठळकपणे चालत परत जावे. बरेच पक्षी निघून जाणारा माणूस पाहून निश्चिंत होतात. कावळ्याच्या बाबतीत मात्र हमी देता येत नाही.

कपडे मातकट रंगाचे असावेत. घड्याळ, चष्म्याची सोनेरी काडी, स्टीलची बाटली, सगळे झाकावे. भ्रमणध्वनीचा आवाज बंद आणि पडदाही बंद. अंधाऱ्या लपणात पडद्याचा उजेड चेहऱ्यावर पडतो. चकलीचा डबा घरीच ठेवावा, त्याऐवजी केळे चालेल. दोन तासांपेक्षा जास्त मुलांना बसवू नये, त्यांना हा छंद नावडता होतो.

वही-पेन्सिल जवळ ठेवावी. तारीख, वेळ, हवा, पक्षी, संख्या आणि तो काय करत होता, एवढ्या सहा रकान्यांची नोंद पुरे. पक्ष्यांच्या मराठी नावांसाठी मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ घरात असावा. आपल्या मुलांना हिंदी आणि इंग्रजी नावे शाळेत कळतात. चक्रवाक, चित्रबलाक, वेडा राघू, कवड्या खंड्या ही नावे घरातूनच जायला हवीत.

जिवाची काळजी

आत शिरण्यापूर्वी काठीने भिंती आणि जमीन ठोकावी, चटई उलटून पाहावी. उबदार, अंधाऱ्या बारदानाखाली विंचू, नाग, घोणस येऊन बसण्याची शक्यता असते. बंद बूट घालावेत. सर्पदंश झाल्यास बांधणे-कापणे न करता सरळ जिल्हा रुग्णालय गाठावे.

ज्यूट आणि गवत क्षणात पेटते. आत विडी-सिगारेट, डासांची कॉइल, उदबत्ती काहीही नको. गहू निघाल्यावर शेजारच्या शेतात नरवाई पेटवली जात असेल तर त्या दिवशी लपणात बसणे म्हणजे चितेवर बसणे. मार्चअखेरीनंतर शेतातले लपण उतरवलेलेच बरे.

वीज कडाडत असताना एकट्या झाडाखालचे लपण सोडावे. रानडुकरांपासून पीक राखायला काही ठिकाणी तारांत बेकायदा वीज सोडलेली असते, म्हणून अंधारात अनोळखी बांध ओलांडू नये. एकट्याने जाऊ नये, आणि कोठे बसणार, केव्हा परतणार हे घरी सांगून निघावे. साठी ओलांडलेल्या आपल्यासारख्यांनी पाणी आणि औषधे जवळ ठेवावीत, तासाभराने पाय लांब करावेत.

काय करू नये

घरट्यासमोर लपण उभारू नये. पूर्वीच्या काळी घरट्यांच्या छायाचित्रांनाच मान होता. ई. एच. एन. लोथर यांचे १९४९ चे भारतातील पक्षिछायाचित्रणावरचे पुस्तक त्या परंपरेतले. आज जाणते छायाचित्रकार ते टाळतात. माणूस घुटमळतो तेथे कावळ्याचे लक्ष जाते, आणि आपण निघून गेल्यावर अंडी तो नेतो.

भ्रमणध्वनीवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नये. त्याला वाटते, आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला. तो खाणे सोडून नसलेल्या शत्रूला शोधत फिरतो. पावसाळ्यात रतलाम जिल्ह्यातील सैलाना अभयारण्यात खरमोर, म्हणजे आपला तणमोर, गवतातून उड्या मारून मादीला आकर्षित करतो. हे अभयारण्य १९८३ मध्ये त्याच्यासाठीच झाले आणि आज हा पक्षी जगातून नाहीसा होण्याच्या काठावर आहे. तेथे लपण, आवाज, गवतात शिरणे यांपैकी काहीही करायचे नाही. वनरक्षक सांगेल तेथून, रस्त्यावरूनच पाहावे आणि तो दिसला नाही तरी समाधान मानून परतावे.

काठावर धान्य किंवा गाठीशेव टाकून पक्षी गोळा करू नयेत. सवयीने ते माणसाला घाबरेनासे होतात, आणि येणारा प्रत्येक माणूस कॅमेराच घेऊन येतो असे नाही. याच कारणाने लपण कायमचे उभे ठेवू नये. आज आपण पाहायला बसलो तेथेच उद्या दुसरा कोणी फासे घेऊन बसू शकतो.

ज्यांना शेत नाही त्यांच्यासाठी

फ्रीगंजमधील सदनिकेच्या गच्चीवरही लपण होते. कपडे वाळत घालायच्या दोरीवर जुनी गडद चादर टाकावी, तीत फट ठेवावी आणि दहा-बारा फुटांवर मातीची पसरट कुंडी ठेवावी. पाणी दोन इंचांहून खोल नको, मधे एक खडबडीत दगड हवा. पाणी रोज बदलावे, कुंडी घासावी. साचलेल्या पाण्यातून पक्ष्यांत रोग पसरतात. बुलबुल, साळुंकी, दयाळ, शिंजीर, मनोली एवढी मंडळी शहरातही भेटतात. आजारपणामुळे बाहेर पडता न येणाऱ्या ज्येष्ठांना हा उद्योग विशेष मानवतो.

बांधण्याची उस्तवार नको असलेल्यांसाठी इंदूरचा सिरपूर तलाव आणि यशवंतसागर आहेत. दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत आले. महाराष्ट्रात जाणे झाले तर नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर पाहावे. ते राज्यातील पहिले रामसर स्थळ असून तेथे निरीक्षणासाठी मनोरे बांधलेले आहेत. कोणी नीट बांधलेला आडोसा आत बसून पाहिला की आपला कसा असावा ते कळते.

मोडणी

काम संपले की लपण पूर्ण उतरवावे. खड्डे बुजवावेत, मेखा मोजून काढाव्यात. सुतळीचा एकही तुकडा मागे ठेवू नये. पक्ष्यांच्या पायांत ती गुंतते आणि पाय कापला जातो. नायलॉनची दोरी व तुटकी जाळी तर मांजाइतकीच घातक. बारदाने उन्हात वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवली की पुढच्या थंडीला तयार.

कालिदासाच्या ‘मेघदूता’त शिप्रेवरून येणाऱ्या पहाटवाऱ्याबरोबर सारसांचे कूजन दूरवर जाते. त्याच्याच ‘शाकुंतला’त हरणामागे धावणाऱ्या दुष्यंताला तपस्वी अडवतात आणि तो धनुष्यावरचा बाण उतरवतो. कालिदास समारोहात आपण हे दरवर्षी ऐकतो. आज शिप्राकाठी सारसाचा आवाज ऐकायला भाग्य लागते. बाण तर आपल्या हाती केव्हाच उरलेला नाही. उरले आहे ते पाणी, गवत आणि काठावरची शांतता राखणे, आणि ते बाण उतरवण्याहून अवघड आहे.

ज्या सभासदांना बांबू कापण्यासाठी किंवा बारदाने शिवण्यासाठी मदत हवी असेल त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव नोंदवावे. दाभण आणि पहार मंडळाकडून मिळेल. नोंदवही प्रत्येकाने आपली आणावी.